बाहेरून उघडणारं दार

"ताई, माझ्या खोलीत कुणीतरी येऊन जातं."

समुपदेशक ताईंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. समोर ड्रायव्हरकाका उभे होते. उमेदीची सगळी वर्षं शहरात बस चालवलेला, मग आजाराने आयुष्य उलटंपालटं झालेला आणि मनोरुग्णालयातून गेल्या वर्षी या आधारगृहात आलेला माणूस. आधारगृह म्हणजे आजारातून सावरलेल्या, पण एकट्याने राहणं अजून जड जाणाऱ्या लोकांची इमारत. प्रत्येकाला स्वतःची खोली, स्वतःचं कुलूप, स्वतःची किल्ली आणि मदतीला तळमजल्यावर ताईंची कचेरी. दर्शनी भिंतीवर मोठी पाटी होती, 'हे तुमचं हक्काचं घर आहे.' पाटी लावायला कुणाचं काय जातं!

"कशावरून म्हणता, काका?"

"उशी मी भिंतीला टेकवून जातो. परत येऊन बघावं तर ती आडवी. गोळ्यांची पाकिटं उलटी. अहो, दुसऱ्या पाळीचा ड्रायव्हर माझ्या सीटवर बसून गेला की मला बसल्याबसल्या कळायचं. आयुष्यभराची सवय आहे ती."

"कुणी येत नाही हो. तुम्हाला तसं वाटतं."

ताई अगदी मायेने म्हणाल्या. आणि ते धडधडीत खोटं होतं.

सकाळी सगळे खाली नाश्त्याला जमले की इमारतीचा रखवालदार वर जायचा आणि सगळ्या कुलपांना चालणाऱ्या किल्लीने एकेक खोली उघडायचा. गोळ्या घेतल्यात का, ब्लेडबिड लपवलंय का, खाणं सडतंय का, ते बघायचं आणि दार लावून यायचं. ही कल्पना ताईंचीच. पूर्वी झडती डोळ्यांदेखत होई, तेव्हा लोक रडत, चिडत. ते बघून ताईंचा जीव तुटायचा. मग त्यांना वाटलं, माघारी तपासलं तर अपमान तरी होणार नाही. चांगुलपणासुद्धा असा चोरपावलांनी चालायला लागतो, बघा!

मग काका खरं बोलतायत हे ताईंना कळलं नाही का? न कळायला काय झालं! पण आजार जोरात होता तेव्हा शेजारी भिंतीतून आत येतात, असं काका म्हणायचे. तेच पुन्हा सुरू झालं असं मानणं सोयीचं होतं. खरं सांगावं तर लोक इमारत डोक्यावर घेतील ही धास्तीही होती. ताईंनी डॉक्टरांच्या कानावर घातलं, "संशय बळावलाय." डॉक्टरांनी ताईंच्या शब्दावर विश्वास ठेवून गोळी वाढवली.

त्याच सुमारास काकांच्या मुलीचा फोन आला. ती बऱ्याच वर्षांनी बापाला भेटायला येणार होती, तीही लेकीला घेऊन. नातीचं तोंड काकांनी अजून पाहिलं नव्हतं. नवा शर्ट त्यांनी इस्त्री करून ठेवला होता आणि भेटेल त्याला तो दाखवत होते.

"बाबा बरे आहेत ना?" मुलीने विचारलं. "मी लहानपणी जे बघितलंय, ते माझ्या मुलीला बघायला लागू नये. एवढंच."

"सध्या जरा संशय वाढलाय," ताई म्हणाल्या. "थोडं थांबलात तर बरं होईल."

मुलीने येणं पुढे ढकललं. काकांना कुणी कारण सांगितलं नाही.

वाढलेल्या गोळीने काकांचे हात थरथरायला लागले, जीभ जड झाली. तरी त्या जड जिभेने ते तेच सांगत राहिले आणि ताई मान डोलवत राहिल्या. शेवटी एका सकाळी काका नाश्त्याला उतरलेच नाहीत. त्यांनी आतून पलंग दाराला लावून ठेवला होता.

"आता रुग्णालयात पाठवावं लागेल," आधारगृहाचे व्यवस्थापक घड्याळाकडे बघत म्हणाले. "खोली दुसऱ्या कुणाला देऊ. ताई, तुमचं मत लागेल. दुपारी सांगा."

ताई जिना चढत होत्या तेव्हा मास्तरीणबाईंनी त्यांना अडवलं. काकांच्या समोरच्या खोलीत राहणाऱ्या या बाई एके काळी शाळेत शिकवायच्या. आजार त्यांनाही होता, पण बोलण्याची धार काही बोथट झाली नव्हती.

"त्यांना पाठवताय म्हणे?"

"त्यांच्या भल्यासाठीच, बाई."

"रखवालदार रोज आमच्या खोल्यांत शिरतो, ते कुणाच्या भल्यासाठी?"

ताईंचा पाय पायरीवरच थबकला. "तुम्हाला माहीत होतं?"

"पाय दुखत असला की मी नाश्त्याला जात नाही. मी आजारी आहे, आंधळी नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय मिळालं ते समोर दिसतंय की! त्यांचे हात बघा जाऊन." मास्तरीणबाईंनी कठडा घट्ट धरला. "ताई, तुमच्या घरात कुणी किल्ली लावून शिरलं तर तुम्ही पोलिसांत जाता. आम्ही तक्रार केली की आमची गोळी वाढते. आम्ही हसलो तर आजार, रडलो तर आजार, खरं बोललो तरी आजार! मग आम्ही शहाण्यासारखं वागायचं तरी कसं, ते एकदा शिकवा."

ताईंच्या मनात आलं, इतकं शिकून, इतकी माणसं हाताळून, साधं खरं बोलायला आपली जीभ का रेटली नाही? आपण चक्क एका बऱ्या माणसाला वेडं ठरवलं! लाजेने त्यांना रडू फुटलं.

त्या तशाच मागे वळल्या आणि व्यवस्थापकांच्या खोलीत गेल्या.

"काका बरोबर बोलतायत. आपण त्यांच्या खोलीत जातो, आणि मी त्यांच्याशी खोटं बोलले. माझं मत हवं होतं ना? हेच माझं मत. डॉक्टरांनाही मी आत्ताच कळवतेय."

"अहो, उद्या सगळेच बोंब मारतील!"

"मारू देत. ही तपासणी आजपासून बंद. यापुढे बघायचं असेल तर विचारून, त्यांच्यासमोर."

व्यवस्थापकांचं तोंड कडू झालं, पण रुग्णालयाचा विषय तिथेच थांबला. ताईंनी डॉक्टरांना फोन केला आणि मग वर जाऊन काकांचं दार वाजवलं.

"किल्ली आहे ना तुमच्याकडे?" आतून आवाज आला. "या की मग."

"नाही, काका. तुम्ही उघडलंत तरच येईन."

आत पलंग सरकला आणि दार हातभर उघडलं. ताईंनी उंबऱ्याबाहेर उभं राहून सगळं सांगितलं. रखवालदाराचं, डॉक्टरांचं, मुलीला काय बोलल्या तेही.

काका ओरडतील असं ताईंना वाटलं होतं. काकांनी फक्त विचारलं,

"म्हणजे मी बरा होतो?"

"हो, काका."

"आणि मी रोज उशीकडे बघून स्वतःला समजावत होतो, की हे खरं नाही, तुझं डोकं पुन्हा फिरलंय." ते दारात आले. "माझ्या मुलीला सांगा. आत्ता सांगा."

ताईंनी तिथूनच फोन लावला आणि स्वतःची चूक कबूल केली. पलीकडून मुलगी बोलली, ती रागाने नाही, थकून.

"तेव्हा तुम्ही म्हणालात ते आजारी आहेत. आता म्हणता बरे आहेत. उद्या काय म्हणाल? माझी मुलगी लहान आहे हो. मला नाही जमणार."

फोन बंद झाला. काका दाराची कड धरून उभे होते.

"काय म्हणाली? येतेय?"

'येईल हो' म्हणणं किती सोपं होतं! ताईंच्या तोंडाशी ते शब्द आलेही.

"नाही म्हणाली, काका. माझ्यामुळे तिचा विश्वास उडालाय. मी पुन्हा पुन्हा प्रयत्न करेन, पण ती येईलच असं मी सांगू शकत नाही."

काकांनी मान हलवली. "बरं," एवढंच म्हणाले आणि त्यांनी हळूच दार लावून घेतलं.

वाचकहो, आजारी माणसाचं मन सांभाळायच्या नावाखाली आपण घरोघरी हेच करतो. गोड बोलून खोटं सांगतो, आणि त्याने ते ओळखलं की त्याचा आजार वाढला म्हणतो. त्याचं म्हणणं एकदा तपासून तरी बघा! त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास आपण काढून घेतला, तर तो परत द्यायला औषध नाही. गोळी कमी झाल्यावर काकांचे हात थरथरायचे थांबले. त्यांची मुलगी अजून आलेली नाही.