दुपारचा खड्डा

"चोरीच आहे ही," शेजारच्या टेबलावरचा आयुष म्हणाला. "पैज लावता का, मॅडम?"

वर्षालीने पैज लावली नाही. तिच्या स्क्रीनवर चाकणच्या एका कारखान्याचं छप्पर होतं. म्हणजे छप्पर नव्हे, त्यावरच्या सोलर पॅनेलमधून किती वीज येते त्याची रेघ. सकाळी उगवायची, दुपारपर्यंत टेकडीसारखी फुगायची, संध्याकाळी उतरायची. पण गेले काही आठवडे पॅनेलच्या एका माळेची रेघ भर दुपारी, ऊन सगळ्यात कडक असताना, खड्ड्यात पडत होती. थोड्या वेळाने पुन्हा वर यायची, जणू काही झालंच नाही.

"ढग असेल," मागून कुणीतरी म्हणालं.

"रोज जेवणाच्या वेळेला, त्याच माळेवर? असा ढग असेल तर त्याला आपण नोकरीवर घेऊ," आयुष म्हणाला. "तिथला सुपरवायझर समाधान. त्याने नवी ई-स्कूटर घेतलीय, ग्रुपवर फोटो टाकला होता. चार्ज कुठे करतो, विचारा."

"गुरुवारी खड्डा पडत नाही," वर्षाली म्हणाली.

चाकणला गुरुवारी कारखाने बंद. पण ढगांना, धुळीला आणि कबुतरांना गुरुवारची सुट्टी नसते. म्हणजे हे माणसाचंच काम होतं.

संशय घेणं हाच वर्षालीचा पगार. हुद्दा डेटा इंजिनिअर. गावोगावच्या छपरांवरून येणारे आकडे गोळा करायचे, खोटे वाटतील ते बाजूला काढायचे, आणि कुठे काही बिनसलं की आपोआप बोंब ठोकणारी व्यवस्था सांभाळायची. वडील पिंपरीत एका कारखान्याच्या प्रेस शॉपला होते. ती बी.ए. करून टायपिंगला लागली आणि पोरगं झोपलं की मोबाइलवरचे व्हिडिओ बघून प्रोग्रॅमिंग शिकली. आजूबाजूची पोरं तिला मॅडम म्हणत. आदराने म्हणत की वय बघून, ही एकच गोष्ट तिने कधी तपासली नव्हती.

कारखान्याची मेल आली होती. आठवडाभरात कारण कळवा, नाहीतर पॅनेल धुणाऱ्या बायका बदला. छपरावर त्यांच्याशिवाय जातं कोण?

दुसऱ्या दिवशी ती न कळवता निघाली. तळेगाव-चाकण रस्त्याला कंटेनरांच्या मागे स्कूटर रखडवत, हेल्मेटच्या आत घामाघूम होत पोचली. गेटवरच्या वॉचमनने तिची पर्स उपसली आणि फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवला. आपण त्यांच्यावर संशय घ्यायला आलोय आणि त्यांनी आधीच घेतला, असं मनात येऊन तिला हसू आलं.

समाधान तिला बघून दचकला. ते तिने मनात टिपून ठेवलं. शेडच्या मागे छपरावर जाणारी लोखंडी शिडी होती, शिडीला जाळीचं दार आणि दाराला कुलूप.

"कुलूप कशाला?"

"मागं वरून केबल गेली, मॅडम. तांबं हाय ना आत. तवापासून ऑर्डर हाय, सकाळी चढवायचं, संध्याकाळी झडती घेऊन उतरवायचं."

"बायकांना?"

"बायकांनाच. दुसरं कोण जातंय वर?"

"दुपारीपण धुतात?"

"न्हाई न्हाई! तापल्या काचंवर पाणी पडलं तर तडा जातो. ऊन कलंपर्यंत काम बंद."

"मग तेवढा वेळ काय करतात?"

समाधानने किल्ली शोधायला नको तेवढा वेळ घेतला. "बसत्यात की," तो म्हणाला.

छपराचा पत्रा बुटांतूनही चटके देत होता. पॅनेल पत्र्याला चिकटून बसवलेली, खाली मांजर शिरेल एवढीही सावली नाही. आणि पार टोकाला, पाण्याच्या टाकीच्या नळापाशी, एक विटकी जांभळी साडी ताणून बांधली होती. एक टोक कठड्याला, दुसरं नळाच्या पाइपला. तिची सावली दोन बायकांना पुरून उरून पॅनेलवरही पसरली होती.

दोघींतली थोराड होती ती सोजराबाई. ती उठली नाही. उघडा डबा तिने पुढे सरकवला.

"झडती घ्यायची ना? घ्या. तांबं न्हाई, पिठलं हाय."

"मी झडतीवाली नाही. ऑफिसातून आलेय, हिंजवडीहून."

"म्हंजी मोठी झडतीवाली," ती शेजारच्या अंबुबाईला म्हणाली. अंबुबाई तोंडावर पदर धरून हसली.

वर्षाली साडीच्या कडेला टेकली. तिने समजावून सांगितलं, ही पॅनेल एकमेकांना माळेसारखी जोडलेली असतात. चार-पाचांवर सावली आली की अख्ख्या माळेची वीज पडते, आणि तिच्या स्क्रीनवर खड्डा दिसतो.

सोजराबाईचा घास हातातच राहिला. "म्हंजी आमी जेवाय बसलो की तुमाला तिकडं हिंजवडीत दिसतं?"

"दिसतं."

"रोज?"

"रोज."

सोजराबाईने पदर डोक्यावरून पुढे ओढला. मग म्हणाली, "आन् खालचं कुलूप? ते दिसतं का?"

वर्षालीने मान हलवली. नाही.

तिने रिपोर्टात सगळं लिहिलं: सफाई कामगारांना दुपारी छपरावर कोंडून ठेवलं जातं, शिडीचं कुलूप काढावं, छपरावर सावलीची सोय करावी. आयुषने तो वाचला, खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला.

"मॅडम, आपल्याला वीज का पडते ते विचारलंय. माणसं कोंडली असं लिहिलं तर कारखान्यावर चौकशी बसेल. मग ते आपलं कॉन्ट्रॅक्ट ठेवतील? आणि त्या बायकांचं तरी काम राहील?"

शेवटचं वाक्य त्याने तिच्यासाठीच राखून ठेवलं होतं, हे तिला कळलं. कळूनही तिने एकेक ओळ खोडली. रिपोर्ट गेला तो एका ओळीचा: तात्पुरती सावली, काढून टाकली.

दुसऱ्या दिवसापासून रेघ भरली. गोल, गुळगुळीत. कारखान्याकडून मोबाइलवर शाबासकीचा अंगठा आला. त्या देखण्या रेघेकडे वर्षालीला नीट बघवेना. शेवटी तिने समाधानकडून नंबर घेऊन फोन लावला.

"साडी खाली नेली त्येनं," सोजराबाई म्हणाली. "आता टाकीला टेकतो. सावली सरकंल तसं आमीबी सरकायचं. अंबुबाईला परवा घेरी आली. तुमची रेघ आली का नीट?"

"आली."

"मग झालं की."

त्या दुपारी वर्षालीने दोन गोष्टी केल्या. कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसरला कुलपाबद्दल मेल पाठवली, स्वतःच्या नावाने. आणि बोंब ठोकणाऱ्या व्यवस्थेत त्या माळेसमोर नोंद घातली: दुपारी वीज कमी येईल. कारण, सफाई कामगारांचं जेवण. परवानगी, वर्षाली साळवे. आता तिथे खड्डा पडला तरी गजर होणार नव्हता, आणि जाब विचारायचा तर तो तिलाच विचारावा लागणार होता.

मग पुन्हा फोन लावला. "दुसरी साडी बांधा. समाधानला मी सांगितलंय. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा."



"बाई, राग मानू नका," सोजराबाई म्हणाली. "आमी बांधायची आन् तुमी पकडायचं, असलं लई बघितलंय. तुमचं नाव सांगू, पन उद्या तुमी फोन न्हाई उचलला तर?"

"उचलीन."

"समदी आसंच म्हनत्यात," असं म्हणून तिने फोन ठेवला.

सेफ्टी ऑफिसरचं उत्तर आलं नाही. रेघ दुसऱ्या दिवशी भरलेलीच होती. तिसऱ्या दिवशीही. वर्षाली जेवणाच्या सुट्टीत खाली कँटीनला जायची थांबली आणि स्क्रीनसमोर बसून राहू लागली. रोज नवी तक्रार हुडकणारी बाई रोज एक खड्डा पडायची वाट बघत होती. पडत नव्हता, आणि सोजराबाईला दोष देता येत नव्हता. तिच्या जागी आपणही बांधली नसती, हे वर्षालीला पक्कं ठाऊक होतं.

गुरुवार गेला. शुक्रवारी दुपारी आयुष कॉफीचा कप घेऊन तिच्या मागे येऊन उभा राहिला.

"मॅडम, चाकण पुन्हा पडलं की."

ती आधीच बघत होती. रेघ टेकडीच्या माथ्यावरून सरळ खाली आली होती आणि तळाशी पडून होती.

"गजर का नाही झाला?" त्याने वाकून माळेसमोरची नोंद वाचली. तिचं नाव वाचलं. कप टेबलावर ठेवला. "क्लायंटने विचारलं तर?"

"माझा नंबर द्यायचा."

"आणि आत्ता काय करायचं?"

"थांबायचं," वर्षाली म्हणाली. "जेवतायत."