रडकी यंदा रडली नाही

आजारी झाड पाहून कुणीही हळहळतं. लॅबवाली निरोगी झाड पाहून भडकली, आणि आधीच सांगून ठेवलेलं बरं, तिचं काडीइतकंही चुकलं नव्हतं.

ती दवाखान्यात रक्त तपासायची, म्हणून अख्ख्या गल्लीची ती लॅबवाली. घरामागे तिची सफरचंदाची बाग होती. बाग म्हणायची आपली कौतुकानं. दोन रांगा झाडं आणि मधोमध कपडे वाळत घालायची दोरी. त्या भागात हवेनं जरा ओल धरली की सफरचंदांना खपल्यांचा रोग यायचा. आधी पानांवर काळपट डाग, मग फळांवर खरबरीत खपल्या, आणि शेवटी फळ तडकलं की बाजारात कुत्रंही हुंगायचं नाही. उपाय एकच, कळीपासून तोडणीपर्यंत औषध फवारत राहायचं. फवारणाऱ्या माणसांच्या अंगात ते औषध किती उतरतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. ती माणसं तिच्याच खिडकीशी बाही वर करून बसायची.

म्हणून तिला औषध न लागणारं झाड हवं होतं. अशा जाती परदेशात आहेत हे कळल्यावर तिनं तिकडच्या रोपवाटिकांना कलमकाड्यांसाठी पत्रांमागून पत्रं लिहिली. पहिलं पार्सल तपासणी कचेरीत अडकलं. शिक्का साहेबांच्या कपाटात, किल्ली साहेबांच्या खिशात आणि साहेब रजेवर. हातात पडलं तेव्हा काड्या चुलीत घालायच्या लायकीच्या झाल्या होत्या. वर कारकून म्हणाला, काड्याच हव्या होत्या तर समोरच्या झाडाच्या तोडून दिल्या असत्या. लॅबवालीनं तिथल्या तिथं त्याची बिनपाण्यानं केली. दुसरं पार्सल यायच्या वेळी मात्र तिनं रजा काढली आणि शिक्का उमटेपर्यंत कचेरीच्या बाकावर ठाण मांडलं.

काड्या तिनं स्वतः खुंटांवर बांधल्या. मूळ नावं उच्चारताना जीभ अडखळायची, म्हणून घरात एकीला ठेंगणी म्हणू लागले, एकीला खडूस, आणि जिची फळं सगळ्यांत देखणी येणार असं रोपवाटिकेनं कळवलं होतं तिला पाहुणी. काड्या पाठवणाऱ्या म्हाताऱ्या मालकिणीनं बजावलं होतं, औषधाचा थेंबही मारू नका. आणि मधोमध हमखास रोग धरणारं एक झाड ठेवा. ते आजारी पडूनही बाकीची धडधाकट राहिली, तरच विश्वास ठेवा. म्हणून दोरीच्या खांबाशी इथलंच एक नाजूक झाड राखलं होतं. शेजारी कुणी शिंकलं तरी रोग धरायचं. तीच रडकी.

यंदा परदेशी झाडांना पहिल्यांदा भरघोस फळं धरली. सगळीकडे रोगानं थैमान घातलेलं आणि हिची बाग आरशासारखी. बातमी षट्कर्णी व्हायला कितीसा वेळ लागतो? रविवारी आसपासचे बागवाले बघायला येणार होते. फळं पटली की हिवाळ्यात ते आपल्या फळत्या झाडांची मुंडकी उडवून त्यांवर पाहुणीच्या काड्या बांधणार होते. एकदा झाड छाटलं की काही वर्षांचं उत्पन्न बुडालंच. हे सगळं लॅबवालीच्या एका शब्दावर चाललं होतं.

शनिवारी कामावरून येऊन ती दोरीवरचे कपडे काढायला गेली आणि रडकीसमोर थबकली. झाडावर डाग नव्हता. पानं तुकतुकीत, फळं गुळगुळीत. तिनं फांद्या वाकवून पाहिल्या, पानं उलटून पाहिली. मग एक फळ तोडून देठाच्या खळग्यात नख घातलं. तिथं वाळलेलं पांढरट कडं होतं. तिनं वास घेतला. तो वास तिला चांगला ओळखीचा होता. फवारणाऱ्यांच्या बाह्यांना तो यायचा.

सासरे मागच्या पायरीवर बसून उद्यासाठी सफरचंदं जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसत होते. आयुष्यभर घरं रंगवणारा माणूस. ओल आलेल्या भिंतीवर असा हात फिरवायचे की पुढच्या ओलीपर्यंत घरमालक खूश. गल्लीभर सुनेचं कौतुक करत फिरणारेही तेच.

"बाबा, रडकीला औषध कुणी मारलं?"

त्यांनी आधी हवेवर ढकललं, मग नशिबावर, मग म्हणाले कान दुखतोय, नीट ऐकू येत नाही. ती हलली नाही तेव्हा त्यांनी फडकं खाली ठेवलं.

"सगळ्यांनाच मारलं. दरवर्षी तिला एकटीलाच कसं वगळायचं? बिचारी."

रडकीची दया आली नसती, तर म्हातारा जन्मात सापडला नसता. ते हळूहळू सांगू लागले. कलमं फुटली त्याच वर्षी पाहुणीच्या एका पानावर त्यांना ठिपका दिसला होता. ती कामावर होती. कचेरीच्या बाकावर ती कशी बसली होती, हे त्यांना आठवलं. त्यांनी ते पान खुडून टाकलं आणि माळ्यावरचा पंप खाली काढला. तेव्हापासून दरवर्षी ती दवाखान्यात गेली, की हे पंप पाठीला लावायचे आणि रडकी सोडून सगळ्यांना मारायचे. यंदा मात्र रडकीलाही मारलं.

"मला वाटलं, तू खचशील," ते म्हणाले.

"म्हणजे झाडं हरणार, हे तुम्ही धरूनच चालला होता."

"तसं नाही गं—"

"तसंच आहे बाबा. कुणी माझ्या नमुन्यात पाणी घातलं, तर मी त्याला पोलिसात देईन. तुम्ही वर्षानुवर्षं घातलंत आणि वर त्याला माया म्हणता."

तिचा आवाज चढला नव्हता, पण हातातला कपडा तिनं इतका पिळला होता की तो पुन्हा धुवायची वेळ आली. इतकी वर्षं फुकट गेली याचा राग होताच. त्याहून जास्त संताप याचा की आपण डोळे मिटून खूश होतो. आणि ज्यानं फसवलं त्यालाच रोज रात्री आपण आधी वाढत होतो.

नवऱ्यानं समजुतीचा सूर लावला. झाकली मूठ सव्वा लाखाची, एक वर्ष गप्प राहू, पुढच्या वर्षी औषध न मारता काय ते बघू.

"त्या मुठीत लोकांची झाडं आहेत," ती म्हणाली. त्यावर तो उगाच नळ तपासायला गेला.

रविवारी अंगण भरलं. माणसं फळं हातात घेऊन दिव्यासारखी न्याहाळत होती. लॅबवाली पायरीवर उभी राहिली आणि तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं: झाडांना औषध मारलं गेलंय, कोणती जात रोग रोखते ते मला माहीत नाही, कुणीही आपलं झाड कापू नका. कुणी मारलं ते तिनं सांगितलं नाही. कुजबुज झाली. कुणी हसलं. एकानं तर पुढे होऊन विचारलं, औषध कोणतं ते तरी सांगा, रिझल्ट झकास आहे. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो फळ टोपलीत ठेवून मागे सरकला.

सगळे गेल्यावर घड्याळवाले मागे राहिले. सासऱ्यांचे पत्त्यांतले जोडीदार. चौकात घड्याळदुरुस्तीचं दुकान, गावाबाहेर छोटी बाग. त्यांनी खिशातून कागदात गुंडाळलेलं एक पान काढून तिच्या हातात दिलं. त्यावर काळपट डाग होते.

"पाहुणीचं आहे," ते म्हणाले. "गेल्या हिवाळ्यात तुमच्या बाबांनी काड्या दिल्या. तुम्हाला सांगू नका म्हणाले, रीतसर निकाल लागल्याशिवाय दिल्या म्हणून चिडाल. मी निम्मी बाग छाटून बांधल्या, औषध बंद केलं. डाग आले तेव्हा वाटलं, तुमची झाडं तर स्वच्छ आहेत, माझंच काहीतरी चुकलं असणार. म्हणून बोललो नाही."

लॅबवालीच्या डोळ्यांत पाणी आलं, तेही रागाचंच.

"असू दे," घड्याळवाले म्हणाले. "तुमचा हेतू चांगला होता."

"असू दे म्हणू नका हो. तुमची निम्मी बाग गेली. ओरडा आमच्यावर."

त्या माणसाला ओरडता येत नव्हतं. त्यांनी टोपी घातली, फाटक हळू लावलं आणि ते दुकान उघडायला गेले.

लॅबवालीनं घरातली होती नव्हती तेवढी पुसलेली फळं सगळ्यांत मोठ्या टोपलीत भरली आणि टोपली सासऱ्यांसमोर ठेवली. यंदाचं सगळं पीक घड्याळवाल्यांचं, ती म्हणाली, आणि त्यांच्या कलमांना फळं धरेपर्यंत दरवर्षीचं. सासऱ्यांनी मान डोलावली. नवरा टोपलीला हात लावायला आला, तेव्हा म्हाताऱ्यानं त्याला बाजूला केलं आणि ती स्वतःच डोक्यावर घेतली.

सुटीची गल्ली माणसांनी भरलेली होती. जो तो विचारत होता, काय बाबा, सुनेची सफरचंदं का? सासरे टोपली सावरत चालत राहिले. लॅबवाली मागून चालत होती. दुकानाच्या पायरीवर त्यांनी टोपली उतरवली. आत घड्याळवाल्यांची नात होती; तिनं पटकन सगळ्यांत लाल फळ उचलून तोंडाजवळ नेलं.

"थांब," सासरे म्हणाले, आणि चौकात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "आधी धुऊन घे. मी औषध मारलंय."