मागचा आवाज

निपाणीच्या जिनदत्तआण्णांचं खताचं दुकान. घासाघीस केल्याशिवाय त्यांनी उभ्या जन्मात काही घेतलं नव्हतं. बस्तीत, म्हणजे जैन देवळात, देवापुढं मूठभर तांदूळ वाहायचे अन् मागणं पोतंभर. पण आईच अडून बसली, तेव्हा त्यांचा व्यापार चालेना.

आईच्या, लक्ष्मीबाईंच्या, कण्यात गाठ होती. आण्णा त्यांना गाडीत घालून बेळगावच्या दवाखान्यात रेडिएशनचा शेक द्यायला नेत. मागच्या खेपेहून आल्यावर म्हातारीनं जाहीर केलं, "त्या गाडीत मी न्हाय बसायची रं. मागं लई खडाखडा वाजतंय. हाडं खिळखिळी होत्यात."

आण्णांना उलट बरंच वाटलं. गाठीचं काही आपल्या हातात नव्हतं, गाडीचं होतं.

नागेंद्र मेस्त्रीनं गाडी जॅकवर उचलली, मागं पहार घालून हलवून बघितली. "आण्णा, मागच्या चाकांचे बुश गेलेत. रबर बघा, शिळ्या भाकरीगत भेगाळलंय. लोखंडावर लोखंड आपटतंय."

"नवं घाल. कंपनीचंच."

"भाव न्हाय इचारला?" नागेंद्रनं पहार खाली ठेवली. "तब्येत बरी हाय न्हवं?"

नवे बुश बसले. गाडी चाकांवर उतरवून नागेंद्र म्हणाला, "शेवटचा नट रोजचं ओझं ठेवून आवळतो, न्हायतर नवं रबर पिळवटतंय. मागं कोण बसतंय?"

"आई."

"मग दुकानातलं एक पोतं आणा की. पन्नास किलोचं."

आण्णांनी जन्मभर पोती नजरेनं तोलली होती. परवाच आईला दोन्ही हातांवर उचलून गाडीत ठेवलं होतं.

"एवढं न्हाय रं आता," ते म्हणाले. "थोडं काढून आणतो."

म्हातारीची सबब संपली. पुढच्या खेपेला मुकाट्यानं गाडीत बसली. स्तवनिधीच्या घाटात तिथल्या देवाला खिडकीतूनच हात जोडले. गाडी सायीवरून चालल्यागत चालली होती, आण्णा मनात मिशीला पीळ देत होते.

पुढं रस्त्याचं काम. वाहनं बाजूच्या कच्च्या रस्त्यावर वळवलेली. पहिल्याच खड्ड्यात मागचं चाक गेलं. खडखड आली नाही. आला तो दुसराच आवाज, बारीक, दातांत दाबलेला. आण्णांनी आरशात पाहिलं. आईच्या तोंडात पदराचा बोळा होता.

पुढच्या खड्ड्याला पुन्हा तेच.

गाडी हळू घ्यावी तर वाट लांबते, जोरात घ्यावी तर दणका बसतो. मागं फिरावं तर शेक चुकतो. हिशेब कुठूनही मांडला तरी तोटाच. मागचा ट्रक हॉर्न वाजवत होता.

आरशात मायलेकांची नजरानजर झाली. लक्ष्मीबाईंनी पटकन पदर सोडला.

"अजून वाजतंय बघ रं मागं," त्या म्हणाल्या. "मेस्त्रीनं गंडवलं तुला."

"व्हय आई, वाजतंय," आण्णा म्हणाले. "परत दाखवतो त्याला."

"सोडू नगंस. चांगलं भांड."

आण्णांनी मान डोलावली. पुढं गतिरोधक दिसत होता.