टिपणात नसलेला प्रश्न

सदस्यांनी तिसरा पूरक प्रश्न विचारला आणि बाईंनी समोरच्या टिपणावर पेन्सिलीने तिसरी खूण केली.

भिंतीवरच्या पडद्यावर सभागृह दिसत होतं. मंत्री उठले, चष्मा सावरला आणि बाईंनी लिहून दिलेलं उत्तर बाईंच्याच स्वल्पविरामांसकट वाचून खाली बसले. सदस्य पुन्हा उभे. त्या मुलाला वकील कधी मिळाला? मिळाल्यापासून तो त्याला किती वेळा भेटला?

चौथी खूण. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. एखादा प्रश्न जुळला तर योगायोग म्हणून सोडून देता येतो. इथे सगळेच जुळत होते, आणि तेही टिपणातल्या क्रमाने.

परराष्ट्र खात्याच्या संसदीय कक्षाच्या त्या प्रमुख. सदस्यांची पत्रं यायची, प्रश्न यायचे, कक्षाने उत्तरं तयार करायची. उत्तर लिहिणं काही मोठंसं काम नव्हतं. खरी कसोटी असायची ती उत्तरामागच्या टिपणाची. या उत्तरावरून मंत्र्यांना आणखी काय काय विचारतील, त्याचा आधीच अंदाज बांधायचा आणि त्या प्रश्नांचीही उत्तरं मंत्र्यांच्या हाती द्यायची. कक्षात या कामाला ‘उलटी खुर्ची’ म्हणत. बाई खरोखरच आपली खुर्ची सोडून टेबलापलीकडे, पाहुण्यांच्या खुर्चीत जाऊन बसत आणि स्वतःच्याच उत्तराकडे वैऱ्याच्या नजरेने बघत. “विरोधकांना जमत नाही इतकं तुम्ही आम्हाला अडचणीत आणता,” असं सहसचिव कौतुकाने म्हणायचे. बाई त्यावर नको-नको म्हणत, पण ते वाक्य घरी जाऊन नवऱ्याला सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

सध्याचा प्रश्न एका मालवाहू जहाजावरच्या मुलाचा होता. इंजिनखोलीत काम करणारा साधा पोरगा. जहाजात चोरटा माल सापडला म्हणून परदेशातल्या एका बंदरात त्याला धरलं होतं आणि तो अजून आतच होता. त्याची आई या सदस्यांकडे गेली, सदस्यांनी खात्याला पत्र लिहिलं, पत्रावरून प्रश्न झाला.

टिपण फक्त तिघांनी पाहिलं होतं. बाईंनी ते हाताने लिहिलं, त्यांच्या सहायकाने टंकलं आणि सहसचिवांनी वाचून पाकीट बंद केलं. ते पाकीट मंत्र्यांच्या हाती पडलं ते थेट सभागृहाच्या दारात. सहसचिव स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणार नाहीत. उरला सहायक.

त्याला सगळे नवरदेव म्हणत. कडक इस्त्रीचा शर्ट, अत्तराचा वास, भांग असा की पट्टीने पाडलाय. माणूस हुशार होता, टंकन स्वच्छ होतं, पण आजकाल फोन वाजला की तो उठून जिन्यात जायचा. आतापर्यंत बाईंना त्याचं काही वाटलं नव्हतं. आता वाटायला लागलं. सदस्यांच्या स्वीय सहायकाबरोबर तो उपाहारगृहात चहा पिताना दिसला होता, तेही आठवलं. एकदा संशयाने पाहायला लागलं की माणसाचं शिंकणंसुद्धा खुणेचं वाटतं. बाईंचं तसंच झालं.

दुपारी सहसचिवांनी त्यांना बोलावून घेतलं.

“तुमच्या कक्षातून गळतंय,” ते म्हणाले. “नाव द्या.”

“संशय आहे सर. नवरदेवाचा. पण खात्री नाही.”

“खात्री कधी होईल?”

“पुढच्या चर्चेला. एक खडा टाकून बघते.”

“बघा. पुरावा मिळाला तर त्याला तळघरात पाठवतो, जुन्या फायलींवर. नाही मिळाला तरी पाठवतो. मला धोका नको.”

बाईंनी मान हलवली. नाव तोंडातून गेलं तेव्हा त्यांना थोडं हलकंच वाटलं होतं. जिन्यापर्यंत येईतो ते हलकेपण कुठे गेलं कोण जाणे.

पुढच्या चर्चेच्या आदल्या दिवशी नेहमीसारखा त्या मुलाच्या आईचा फोन आला. नातेवाइकांशी बोलणं हे खरं तर दुसऱ्या कक्षाचं काम. पण सदस्यांच्या पत्रात आईचा नंबर होता, माहिती ताडून पाहायला म्हणून बाईंनी एकदा तिला फोन केला, आणि तेव्हापासून तीच करायला लागली. बाईंनाही ते सोयीचं पडलं. टिपण लिहायला बसण्याआधी त्या तिला एकेक विचारून घेत. वकील भेटला का? घरी फोन करू देतात का?

“त्याने जबाबावर सही केली म्हणता,” बाईंनी या वेळी विचारलं, “तो जबाब कुठल्या भाषेत होता?”

“त्यांच्याच भाषेत असणार की हो ताई.”

“मुलाला येते ती?”

“छे! त्याला कुठली यायला? भूक लागली एवढं हाताने सांगायचा तिथे.” ती जरा थांबली. “असं चालतं का हो? न वाचता सही घेतलेली?”

“बघते मी,” बाई म्हणाल्या.

हा प्रश्न सगळ्यांत धारदार होता. बाईंनी तो टिपणात घातलाच नाही. नवरदेवाच्या हाती आयतं कोलीत कशाला द्यायचं? उलट त्याच्यासाठी एक खोटा प्रश्न तेवढा पेरला, कैदेत वर्तमानपत्र मिळतं का म्हणून. आपल्या हाताने टिपण अर्धवट ठेवायची त्यांची नोकरीतली ही पहिलीच वेळ. नवरदेवाने ते टंकून आणलं तेव्हा त्या त्याच्याकडे बघत होत्या.

“मॅडम, वर्तमानपत्राचं कोण विचारणार?” तो म्हणाला.

“विचारेल कोणीतरी.”

“बरं,” तो म्हणाला आणि एक अनुस्वार राहिला होता तो पेनाने देऊन गेला. किती साळसूद, असं बाईंना वाटलं.

दुसऱ्या दिवशी दोघेही पडद्यासमोर बसले. बाईंच्या हातात पेन्सिल, पण डोळे पडद्यापेक्षा नवरदेवाकडे. सदस्य उठले. वर्तमानपत्राचं नावही त्यांनी काढलं नाही.

“मंत्र्यांनी एवढंच सांगावं,” ते म्हणाले, “ज्या जबाबावर त्या मुलाची सही घेतली, तो कुठल्या भाषेत होता? ती भाषा त्याला येते का, हे आपल्या वकिलातीने कधी विचारलं का?”

मंत्र्यांनी टिपण उलटलं, पालटलं. माहिती घेऊन सांगतो, असं काहीसं ते पुटपुटले. बाकं वाजायला लागली.

“मॅडम, हा आपल्या टिपणात नव्हता,” नवरदेव म्हणाला.

“नव्हता.”

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. हा प्रश्न त्यांनी कागदावर लिहिला नव्हता, सहसचिवांना सांगितला नव्हता, नवऱ्यालासुद्धा नाही. जगात एकाच माणसाला विचारला होता. आधीचेही त्या आईलाच विचारले होते, सगळे, याच क्रमाने. डोळ्यांत तेल घालून त्या साऱ्या कक्षावर पाळत ठेवत होत्या आणि गळती त्यांच्याच तोंडून होत होती. त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली.

त्या तडक सहसचिवांकडे निघाल्या. नवरदेवाचा फोन वाजला होता, तो आधीच जिन्यात गेला होता. वळणावर भिंतीकडे तोंड करून तो ओरडत होता, “गोळी! बाबा, गोळी घेतली का? गोळी!” बाईंना पाहून तो ओशाळला. “ऐकूच येत नाही हो त्यांना. खोलीत बसून बोलायची सोय नाही.”

 बाई त्याच्या बाजूने वर गेल्या.

“मिळाला पुरावा?” सहसचिवांनी विचारलं. मंत्र्यांचा फोन येऊन गेला असावा, त्यांचा चेहरा तसाच होता.

“मिळाला. गळती माझ्याकडून झाली सर.” आणि त्यांनी काहीही हातचं न राखता सगळं सांगितलं. “मी लेखी देते.”

“लेखी? उद्या त्याच्यावर प्रश्न येईल, आणि त्याचं टिपणही तुम्हीच लिहाल!” सहसचिवांनी डोकं धरलं. “लेखी काही नको. तो फोन बंद करा. आजपासून. त्या बाईला दुसऱ्या कक्षाचा नंबर द्या आणि हात झटका.”

“आणि नवरदेव?”

“राहू दे त्याला वरच. आता तुमच्यावर लक्ष ठेवायला कोणीतरी लागेलच.”

“बरं,” बाई म्हणाल्या.

त्या टेबलाशी येऊन बसताहेत तोच फोन वाजला. समोर नवरदेव टंकत होता. बाईंनी दुसऱ्या कक्षाचा नंबर एका चिठ्ठीवर लिहिला, ती समोर ठेवली आणि मग फोन उचलला.

“ताई, साहेबांनी आज विचारलं बरं का! मंत्र्यांची बोलतीच बंद झाली म्हणतात.” आईचा आवाज कधी नव्हे तो उजळला होता. “मला मेलीला कुठलं यायला विचारायला? पहिल्यांदा साहेबांकडे गेले तेव्हा नुसती रडले. ते म्हणाले, रडण्याचा प्रश्न कसा करू? मग तुम्ही विचारायला लागलात, तेव्हा मला कळलं काय विचारायचं असतं ते.”

बाई चिठ्ठीवरच्या आकड्यांकडे बघत राहिल्या.

“ताई? आज काही विचारायचं नाही का?”

फायलीत दोन तारखा होत्या. मुलाला धरल्याचं वकिलातीला कळलं ती एक, आणि वकिलातीचा पहिला माणूस त्याला भेटायला गेला ती दुसरी. त्या दोन तारखांमध्ये किती काळ गेला, हे खात्यात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी तोंडाने उच्चारत नव्हतं. बाईंनी तो प्रश्न कुठल्याच टिपणात कधी घातला नव्हता. घालायची गरजच नव्हती, बाहेरच्या कोणाला ते सुचणार नव्हतं.

“आहे,” बाई म्हणाल्या. “तुमच्या मुलाला धरलं हे आपल्या वकिलातीला कोणत्या तारखेला कळलं, आणि तिथून पहिला माणूस त्याला कोणत्या तारखेला भेटला, हे तुम्हाला कोणी सांगितलंय का?”

समोरचं टंकन थांबलं.

“नाही हो,” आई म्हणाली. मग आवाज खाली आला. “हे लिहून घेऊ का ताई?”

“घ्या,” बाई म्हणाल्या. “मी सावकाश सांगते.”