बारा कडव्यांचं घड्याळ

"भुवया!" मोरिओ न्हावी गळ्यापर्यंत गरम पाण्यात बुडून ओरडला. "हरेल त्यानं दोन्ही भुवया उतरवायच्या. माझ्या दुकानासमोर, भर रस्त्यात खुर्ची टाकून."

"वस्तऱ्याला धार लावून ठेव," मी म्हटलं. "आणि स्वतःच्या स्वतः कशा काढतात, त्याची सवय कर."

सार्वजनिक न्हाणीघरातले बाकीचे सात-आठ जण फिदीफिदी हसले. आमच्या गावात हिवाळ्यात दुसरं करायचं काय? छपरावरचा बर्फ ओढायचा, संध्याकाळी गरम पाण्यात बसायचं आणि एकमेकांची खेचायची. मी कुराता. घड्याळं दुरुस्त करतो आणि उरलेल्या वेळात माणसं बिघडवतो.

पैज होती किसाकू आजोबांवर. पन्नास हिवाळे हा माणूस आमच्या गावच्या साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, कारखान्यात विरजण घोटत आला. लाकडी घंगाळात वाफवलेला तांदूळ, त्यात पाणी, चारी बाजूंनी चार जण लांब दांड्यांची वल्ही घेऊन उभे, आणि आजोबा गाणार. गाणं करमणुकीचं नाही, मापाचं. बारा कडवी, एकेका कडव्यात गळ्याचे सात वळसे. एक वळसा, वल्ह्याचा एक फेरा. बारा कडवी संपली की वीस मिनिटं झाली, घोटणं बंद. कमी घोटलं तर दाणा कच्चा, जास्त घोटलं तर खळ.

गाणाऱ्याची परीक्षा त्या वळशांत. सरळ सूर कुणीही लावेल. वळसा म्हणजे सूर गळ्यात मुडपून, पिळून, पुन्हा होता तिथे आणून ठेवायचा. दम कमी पडला की माणूस गुपचूप वळसे गिळतो. ऐकणाऱ्याला कळतही नाही, पण गाणं आखडतं.

यंदा कारखान्यात चिहारूबाई मुख्य कारागीर म्हणून आल्या. वय चौतीस, शेतकी विद्यापीठातून शिकलेल्या, बोलायला गोड पण नजर लोणच्याच्या सुरीसारखी. त्यांनी आजोबांना सांगितलं, "आजोबा, तुम्ही एक्काहत्तरचे. रविवारी घड्याळ लावून बघू. अर्ध्या मिनिटाहून जास्त फरक पडला, तर सोमवारपासून तुम्ही बाटल्या धुवायला. गाणं बंद, गजर लावू."

आजोबा म्हणाले, "बघा की."

मोरिओ म्हणत होता, म्हातारा चुकणार. मी म्हणत होतो, नाही चुकणार. मोठ्या तोऱ्यात म्हणत होतो. पण शनिवारी आजोबा न्हाणीघरात माझ्या शेजारी बसून खोकले, आणि माझ्या भुवयांना तिथल्या तिथे गारवा जाणवला.

रविवारी सकाळी अकराला आम्ही कारखान्याच्या दाराशी जमलो. चिहारूबाई एकेकाचं तोंड हुंगून आत सोडत होत्या.

"मोरिओदादा, नात्तो खाल्लंत."

"एकच घास, बाई! बायकोनं बळंच भरवला."

"उंबऱ्याबाहेर. तुमचे ते चिकट सोयाबीन इथे शिरले तर माझं विरजण नासेल."

मोरिओ उंबऱ्याबाहेर बर्फात, आणि मी आत, भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाखाली. घड्याळाचं दार उघडायची परवानगी गावात मला एकट्यालाच.

अकरा पस्तीसला आजोबांनी डोक्याला पंचा बांधला, पाय फाकवले आणि बेंबीपासून आवाज काढला. हा माणूस बोलताना फाटक्या छत्रीसारखा वाटतो, गायला लागला की तुळया थरथरतात. सूर वर गेला, तिथे थांबला, आणि मग वळला. चार वल्ही त्याच्याबरोबर वळली. दारातला मोरिओसुद्धा गप्प झाला, आणि तो त्याच्या लग्नातही गप्प बसला नव्हता.

पाच कडवी मस्त गेली. सहाव्यात आजोबा खोकले.

एकच खोकला. पण एक वळसा पडला, मी मोजत होतो. सातव्यात त्यांचा आवाज मध्येच फुटला, आणि माझा धीर सुटला. आता हे गिळत सुटणार, मी मनात म्हटलं. दोन मिनिटं तरी लवकर संपणार.

वाफ दाट होती, सगळ्यांचे डोळे घंगाळावर. मी घड्याळाचं दार उघडलं आणि मोठा काटा बोटानं दोन मिनिटं पुढे सारला. बत्तीस वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदा. काय हात चालला हो माझा! लोण्यासारखा!

बारावं कडवं संपलं. आजोबांनी हात वर केला, वल्ही थांबली. सगळ्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

अकरा सत्तावन्न.

बावीस मिनिटं. म्हणजे म्हातारा खरा वीस मिनिटंच गायला होता. चोख. आणि मी त्याला मदत करून बुडवला होता.

"दोन मिनिटं जास्त, आजोबा," चिहारूबाई हळूच म्हणाल्या.

"घड्याळ चुकलंय," आजोबा म्हणाले. रागानं नाही. पाऊस पडतोय म्हणावं तसं.

"मागच्याच आठवड्यात कुरातांनी लावून दिलंय."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू लावलंस होय? मग बरोबरच असणार." आणि डोक्याचा पंचा सोडायला लागले.

मी आयुष्यात पुष्कळांना फसवलंय. पोस्टमनला बर्फाचा कुत्रा विकलाय. पण त्या पंच्याची गाठ सुटायला लागली, तसा मी घड्याळाखालून पुढे आलो.

"आजोबा, थांबा! काटा मी सरकवला. सातव्या कडव्यात. तुम्ही लवकर संपवाल असं वाटलं मला."

मग उंबऱ्याबाहेरून मोरिओ खदाखदा हसला. "वा रे लबाडा! हरायला लागल्यावर आठवलं? म्हणजे आता म्हातारा बरोबर, पैज तुझी, आणि भुवया माझ्या?"

सगळे हसले. वल्हेवाले हसले. शपथ घेतली तर आणखी हसले. जन्मात एकदा खरं बोललो, तर माझ्याच ख्यातीनं माझा गळा धरला.

"बाराच्या भोंग्यापर्यंत थांबा," मी म्हटलं. "तो तर मी लावत नाही ना?"

नगरपालिकेचे कर्णे रोज बाराला गावभर धून वाजवतात. आम्ही थांबलो. हसणं विरत गेलं. चिहारूबाईंनी हात धुतले, घंगाळातला चिमूटभर तांदूळ बोटांत चोळला, पुन्हा चोळला आणि घड्याळाकडे पाहिलं. काटा बारावर आला. कर्णे गप्प. बारा वाजून एक. गप्प.

बारा वाजून दोन मिनिटांनी बाहेर धून सुरू झाली.

चिहारूबाई आजोबांपुढे कमरेत वाकल्या, चांगल्या खोल. "पण आजोबा, सहाव्यात तर एक वळसा पडला होता."

"पडला. सातव्यात आवाज मुद्दाम फोडला, त्या फटीत श्वास घेतला आणि आठ वळसे केले. पडलेला उचलायला नको?"

"गजराचं राहू दे," बाई म्हणाल्या. "आणि फटीत श्वास कसा घेतात, ते मला शिकवा."

"नात्तो सोडावं लागेल."

"सोडलंय मी."

मग मोरिओ उंबऱ्यावरून गरजला, "पैज कुराता जिंकला! पण काट्याला हात लावला, म्हणून हरला! कोण नाही म्हणतो?"

कुणीच नाही म्हणालं. मीही नाही.

सोमवारी सकाळी त्यानं दुकानासमोर बर्फ झाडून खुर्ची मांडली. मासळीवाली, पोस्टमन, शाळेचे दोन मास्तर, सगळे हजर. पोस्टमन तर पहिल्या रांगेत. मी टोपी काढून बसलो. गावाला म्हटलं, "नीट बघा, बिनभुवयांचा घड्याळजी दुसऱ्या गावात नाही."

मोरिओनं साबण फासला, माझं कपाळ अंगठ्यानं ताणलं, वस्तरा टेकवला. तेवढ्यात कारखान्याच्या धुराड्याकडून सूर आला. पहिलं कडवं. सूर वर गेला, थांबला.

वस्तरा माझ्या भुवईवर तसाच थांबला.

"काढ की," मी म्हटलं.

"गप्प बस," मोरिओ म्हणाला. "वळसा पुरा होऊ दे."