बाबागाडी आत न्यायची नाही

दीर आणि जाऊ शहर बघायला आले होते, असं त्यांचं म्हणणं. शहर बघायला आलेली माणसं आपल्या सामानात एक मोठी रिकामी बॅग घडी करून आणत नाहीत. ती मला पहिल्याच संध्याकाळी दिसली, आणि ती सासूबाईंच्या कपड्यांसाठी आहे हे कळायला फार अक्कल लागत नव्हती.

जावेची रजा संपत आली होती. दीड वर्षाच्या पोराला सांभाळायला माणूस हवं होतं, आणि घरच्या आजीइतकं स्वस्त आणि मस्त माणूस बाजारात मिळत नाही. पण असं कोण बोलतं? ती म्हणाली, "आईंना जरा बदल हवा हो ताई. इथे चार भिंतींत त्या कोमेजल्यात. आमच्याकडे कशी मोकळी हवा आहे."

माझी मुलगी तिसरीत. ती दुपारी शाळेतून येते आणि मी संध्याकाळी. मधल्या वेळात सासूबाई दार उघडतात, तिला जेवायला घालतात, अभ्यासाला बसवतात. त्या गेल्या की माझी नोकरी गेली, इतका साधा हिशेब. मी म्युझियममध्ये सामान ठेवायच्या खिडकीवर असते. लोकांच्या पिशव्या घ्यायच्या, बिल्ला द्यायचा, बिल्ला आला की पिशवी परत करायची. घरच्यांना हे काम हमालीचं वाटतं. मला ते आवडतं, आणि ते सोडायचा माझा मुळीच विचार नव्हता.

नवऱ्याला म्हटलं, तुम्ही काहीतरी बोला. ते म्हणाले, "आईलाच ठरवू दे." असं म्हणणारा माणूस समजूतदारही दिसतो आणि त्याला बोटही हलवावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेच्या सहलीला गेली आणि बाकी सगळी वरात शहर बघायला निघाली. सोबत बाबागाडी. "स्ट्रॉलर म्हणतात हो ताई," जावेने मला सुधारलं. स्ट्रॉलर तर स्ट्रॉलर. तिला छत होतं, मच्छरांसाठी जाळी होती, बाटली अडकवायची सोय होती, आईबापांचे मोबाईल ठेवायला वेगळा कप्पा होता. फक्त तिच्यात बसायला छोटे सरकार तयार नव्हते. त्यांना गाडीत ठेवलं की ते धनुष्यासारखे ताठ व्हायचे आणि अख्ख्या रस्त्याला आपली कर्मकहाणी ऐकवायचे. मग दीर त्यांना खांद्यावर घ्यायचे, आणि गाडीत लंगोटांची पिशवी राजासारखी बसून शहर बघायची.

आमच्या शहराबद्दलही काय बोलावं. फुटपाथवर गाडी चढावी म्हणून कोणीतरी उतार केला होता आणि त्या उताराच्या बरोबर मधोमध दुसऱ्या कोणीतरी खांब रोवला होता. मेट्रोची लिफ्ट बंद होती आणि तिच्यावर गैरसोयीबद्दल दिलगिरीची पाटी होती. पाटी इतकी जुनी की दिलगिरी पार पिवळी पडली होती. कॉफीच्या दुकानाला उगीचच तीन पायऱ्या. प्रत्येक ठिकाणी गाडी उचला, ठेवा, पुन्हा उचला. जावेचं त्यात लक्षच नव्हतं. ती फोटो काढत होती. फोटोपुरती गाडी तिच्या हातात यायची, मान तिरकी व्हायची, आणि फोटो निघाला की गाडी पुन्हा सासूबाईंकडे.

हो, गाडी सासूबाई ढकलत होत्या. बिल्डिंगच्या फाटकातच त्यांनी दांडा धरला तो सोडायलाच तयार नव्हत्या. दीर म्हणाले, "आई, मी घेतो." नाही. मी म्हटलं, "मी घेते." नाही. चौकातल्या कारंज्यापाशी जावेने फोटोसाठी गाडी मागितली तर सासूबाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि गाडी परत येईपर्यंत तिच्यावरची नजर काढली नाही.

"बघा, नातवाची किती हौस आहे आईंना," जाऊ म्हणाली. नातू तिकडे बापाचे केस ओढत होता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या मुलीच्या शाळेत कार्यक्रम असला की मी म्हणायची, चला आई. त्यांना ऊन असायचं. संध्याकाळी खाली बागेत चला, तर टीव्हीवर काहीतरी असायचं. कित्येक महिन्यांत त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. आणि आता बघा, धाकट्याच्या पोराची रिकामी गाडी ढकलत अर्धं शहर पालथं घालत होत्या. मी मनात म्हटलं, गेली नोकरी. यांचं ठरलंय.

दुपारी आम्ही म्युझियममध्ये गेलो. माझी सुट्टी होती, पण फुकटचे पास मी मिळवले होते, आणि माझी जागा मला दाखवायची होती. दारावरचा पहारेकरी मला बघून हसला, खिडकीवरच्या माझ्या जोडीदारणीने हात केला. निदान इथे तरी माझा शब्द चालतो हे जावेला कळावं, अशी माझी इच्छा होती.

"बाबागाडी आत न्यायची नाही," मी म्हटलं. "इथे जमा करायची." हा नियम माझा नाही. कोणा हौशी बापाने गाडी काचेच्या कपाटावर नेऊन आदळली होती, तेव्हापासूनचा तो नियम. पण त्या दिवशी तो सांगताना मला बरं वाटलं, हे खरं.

सासूबाई म्हणाल्या, "मग मी इथेच थांबते गाडीपाशी."

"गाडी आतल्या फळीवर जाते आई. तिच्यापाशी थांबता येत नाही."

"मग बाहेर घेऊन बसते. तुम्ही या बघून."

"आई, गाडी काय पळून जाणार आहे का?" जाऊ हसत म्हणाली. मागे लोकांची रांग लागली होती. माझ्याच खिडकीवर माझ्याच घरचं माणूस रांग अडवून उभं, आणि जोडीदारीण बघत होती. मी सासूबाईंची बोटं दांड्यावरून सोडवली. लहान मुलाच्या मुठीतून कात्री काढून घ्यावी तशी, एकेक. बोटं घट्ट होती. गाडी मिटली, आत ढकलली, बिल्ला घेतला आणि म्हटलं, "चला."

सासूबाई आल्या नाहीत. मोठं दालन, आरशासारखी फरशी, आणि हात टेकायला जवळपास काही नाही. त्या मधोमध उभ्या होत्या. हात अजून पुढे धरलेले. त्यांनी एक पाय जरासा सरकवला आणि पुन्हा होता तिथे आणला.

"जरा हात दे गं," त्या हळूच म्हणाल्या. मुलांना नाही, मला.

मी हात दिला, तर सगळा भार माझ्या दंडावर आला. माणूस आपलं आपण उभं राहू शकत नसलं की किती जड लागतं. तेव्हा मला आमच्या पॅसेजच्या भिंतीवरचे हाताचे डाग आठवले. ते मुलीने केले म्हणून मी तिला रागावले होते. ती म्हणत होती मी नाही केले, आणि मी म्हणत होते, मग काय भिंतीने आपणहून केले? जेवणाच्या खुर्च्या रोज जागेवरून हललेल्या असायच्या, फ्रिजपासून दारापर्यंत ओळीने. बाई दिवसभर माझ्या सामानाला धरून चालत होती आणि मी संध्याकाळी येऊन ते सामान जागच्या जागी लावत होते.

"आई, हे कधीपासून?" दिरांनी विचारलं.

"काही नाही रे. फरशी गुळगुळीत आहे."

माझ्या जोडीदारणीने खिडकीमागची चाकाची खुर्ची आणली. रोज कोणा ना कोणाला ती मीच काढून देते. सासूबाईंनी खुर्चीकडे पाहिलं आणि त्या बसल्या. आमच्या ह्यांनी समोरच्या पुतळ्याखालची पाटी वाचायला घेतली. जावेने दिरांकडे पाहिलं, दिरांनी जावेकडे. त्या एका नजरेत सगळी बैठक होऊन निर्णयही झाला.

परतताना टॅक्सीत जावेने सूर बदलला. "आई, खरं सांगू का, तुम्ही इथेच बऱ्या. मोठे डॉक्टर इथे, हॉस्पिटलं इथे. आमच्याकडे काय आहे? साधा एक्स-रे काढायचा तरी वणवण." सकाळपर्यंत त्यांच्या गावात मोकळी हवा होती. दुपारनंतर ते गाव एकदम आडवळणी, औषधपाण्याला महाग झालं. दिरांनी डोळे पुसले. त्यांना रडू चटकन येतं, त्याला काही खर्च नसतो. पाळणाघर तसं चांगलं आहे म्हणे एक, घराच्या कोपऱ्यावरच. सासूबाई खिडकीबाहेर बघत "हो, हो" म्हणत होत्या. छोटे सरकार त्यांच्या मांडीवर झोपले होते, आणि उतरताना जावेने त्यांना घाईघाईने उचलून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मंडळी गेली. रिकामी बॅग जशी आली तशी घडी होऊन परत गेली. मी जिंकले होते. जिंकल्यावर माणसाला बरं वाटतं म्हणतात. मला लाज वाटत होती, आणि ती कुठे ठेवावी ते कळत नव्हतं.

संध्याकाळी मी चहा ठेवला. सासूबाई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या होत्या. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, तरी एक हात टेबलाच्या कडेला होताच. मी म्हटलं, उद्या डॉक्टरकडे जाऊ. त्या "जाऊ की" म्हणाल्या. मग बोलल्या, तेही माझ्याकडे न बघता, पहिल्यांदाच काम मागायला आलेल्या बाईच्या आवाजात.

"दाराची कडी वर आहे, ती जरा खाली बसवून घे. बसल्या बसल्या हात पोचेल इतकी. म्हणजे मी दाराशीच खुर्ची टाकून बसेन. पोरीला उघडता येईल मला. तिचं जेवण तेवढं टेबलावर काढून ठेवत जा. अभ्यास काय, बसूनच घ्यायचा असतो. तुझं काही अडणार नाही."

मी "बरं" म्हटलं. ते म्हणायला मला जरासुद्धा वेळ लागला नाही, कारण कडी किती खाली घ्यायची ते मी आदल्या दिवशी टॅक्सीतच ठरवलं होतं.