क्विंटेल ग्रीअरची निवड

"आणखी एकदा पळ," स्टोकार्ड म्हणाला, आणि लगेच त्याला स्वतःचाच राग आला. पाहायचं ते त्यानं केव्हाच पाहून घेतलं होतं.

क्विंटेल ग्रीअर रेषेवर जाऊन उभा राहिला. इशारा होताच सरळ सुटला, मध्येच आत वळला आणि मागून आलेला चेंडू त्यानं फांदीवरचं फळ काढावं तसा अलगद काढून घेतला. हात सुरेखच होते. पण वळण्याआधी त्याचे खांदे वर उचलले जात, पाऊल किंचित रेंगाळे. मिसिसिपीतल्या या लहानशा कॉलेजात ते खपून गेलं होतं. व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमध्ये मात्र समोरचा गडी तेवढ्यात चेंडू हिसकावून पळाला असता. शिकवून सुधारण्यासारखं हे नव्हतं. पायांत वेगच तेवढा होता.

वेंडेल स्टोकार्ड साठीला आला होता. उत्तरेकडच्या एका व्यावसायिक संघासाठी तो कॉलेजची पोरं पारखत हिंडायचा. दिवसभर गाडी चालवायची, मोटेलात पाठ टेकायची, सकाळी कुठल्या तरी मैदानाच्या कडेला उभं राहायचं आणि एका पोराबद्दल चार ओळी लिहून पाठवायच्या. बहुतेक वेळा त्या ओळींचा अर्थ 'नको' असाच असे. ते कळताना पोराचा चेहरा कसा होतो, हे त्याला कधी पाहावं लागलं नव्हतं. या नोकरीत एवढं एकच सुख होतं.

तो गाडीकडे वळला तेव्हा क्विंटेलचे वडील वाटेत उभे होते. ओलिस ग्रीअर मासे साफ करण्याच्या कारखान्यात काम करत. पोराचा खेळ पाहायला म्हणून त्यांनी आज पाळी बुडवली होती. घरी जेवायला चला म्हणाले. खेळाडूच्या घरी जेवायचं नाही, हा स्टोकार्डचा शिरस्ता होता. पण त्या दिवशी गुडघा ठणकत होता आणि मोटेलच्या खोलीचा नुसता विचारही नकोसा झाला होता. तो गेला.

तळलेला कॅटफिश, उकडलेली पालेभाजी, मक्याचा पाव. ओलिस बायको गेल्यापासून स्वयंपाक स्वतःच करत. जेवताना फुटबॉलचा विषय कोणी काढला नाही. जेवण झाल्यावर क्विंटेल भांडी घासायला उठला आणि ओलिस पाहुण्याला मागच्या अंगणात घेऊन गेले. ऊन उतरलं होतं.

"मिस्टर स्टोकार्ड, तुम्ही आत आलात तेव्हाच मी काय ते ओळखलं," ओलिस म्हणाले. "ज्याला पोरगं हवं असतं, तो बापाच्या डोळ्याला डोळा देतो. तरी तुमच्या तोंडून ऐकू द्या."

असलं काही घरच्यांना सांगायची मुभा नव्हती. स्टोकार्ड कुंपणाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हात असे आहेत की गेल्या कित्येक वर्षांत पाहिले नाहीत. पायांत मात्र वेग नाही. आम्ही घेणार नाही. दुसरं कोणी घेईल असंही मला वाटत नाही."

ओलिसनी हनुवटी खाजवली.

"त्याला सांगू नका," ते म्हणाले. "एप्रिलमधल्या निवडीपर्यंत आशा राहू द्या त्याच्यापाशी. आई गेल्यापासून याच्यावरच उभा आहे पोरगा."

स्टोकार्डनं मान डोलावली.

गाडीपर्यंत सोडायला क्विंटेल आला. ओले हात त्यानं पँटला पुसले.

"वळताना मी मंद आहे, ना?" त्यानं विचारलं.

स्टोकार्ड खिशात गाडीची किल्ली चाचपू लागला.

"राहू द्या, सर. मला दुसऱ्या वर्षीच कळलं होतं. माझ्या जुन्या शाळेनं कोचची जागा देऊ केलीय, मी होही म्हणून बसलोय. मुलांना शिकवायला आवडतं मला." मग त्यानं घराकडे पाहिलं. "डॅडींना एवढ्यात बोलू नका. मम्मा गेल्यापासून माझ्या निवडीच्या आशेवरच दिवस ढकलतायत ते."

स्टोकार्डनं त्यालाही मान डोलावली. त्या संध्याकाळी हमरस्त्यावरून जाताना त्यानं गाडीतला रेडिओ लावला नाही. दोघांना एकाच घरात बसून एकमेकांपासून तीच गोष्ट लपवताना पाहून आला होता तो, आणि दोघांनाही त्यानं शब्द दिला होता.

एप्रिलमध्ये निवडीचे तीन दिवस आले. देशभरातले संघ हव्या त्या पोरांची नावं एकामागून एक पुकारत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटचं नाव झालं, ते क्विंटेलचं नव्हतं. त्यानंतर उरलेल्या पोरांना फोन करून सरावाला बोलावण्याची धांदल उडते. संघाच्या कचेरीत बसलेला स्टोकार्ड उठून वरिष्ठाकडे गेला. क्विंटेलला निदान सरावाला बोलवू या, असं त्यानं सुचवलं. वरिष्ठानं त्याचेच शब्द त्याला ऐकवले, की पायांत वेग नाही असं तूच लिहिलंस. त्यात चुकीचं काही नव्हतं.

मग स्टोकार्डनं आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. नको असलेल्या पोराच्या घरी स्वतः फोन लावला. दुसऱ्या कोणाकडून कळू नये, एवढंच त्याच्या मनात होतं. पण फोन उचलला गेला आणि पलीकडे माणसांनी भरलेलं घर ऐकू आलं. शेजारी, चर्चची मंडळी, पोरंटोरं. कोणीतरी म्हणालं की नंबर बाहेरगावचा दिसतो, आणि सगळं घर एकदम गप्प झालं. त्या दिवशी असा फोन म्हणजे निवडीचीच बातमी; आपण काय करून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं.

"कोण बोलतंय?" ओलिसनी विचारलं. आवाजात हलकीशी थरथर होती. सगळं ठाऊक असूनही.

"मी स्टोकार्ड. माफ करा. ती बातमी नाही."

मग ओलिस सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "हो सर. फोन केलात, फार बरं वाटलं. हा देतो त्याच्याकडे."

क्विंटेलनं फोन घेतला. कुजबुजत सुटलेलं घर मागे पडलं, जाळीचं दार वाजलं. तो बाहेर ओसरीत आला होता.

"ऐक, क्विंटेल," स्टोकार्डनं सुरुवात केली.

"काही बोलू नका, सर," तो हळूच म्हणाला. "फक्त फोन ठेवू नका. सगळे खिडकीतून बघतायत. डॅडी पण. थोडा वेळ असंच राहू या."

स्टोकार्डनं खुर्ची भिंतीकडे वळवली. मागे बाकीचे फोन खणखणत होते, उरलेल्या पोरांची नावं घेतली जात होती, कोणीतरी त्याला हाक मारत होतं. तो रिसीव्हर कानाशी धरून बसून राहिला. पलीकडून पोराचा सावकाश श्वास येत होता, आणि मधूनच, खिडकीतल्यांसाठी, "हो सर... हो सर."